जाळे बारीक, हिशेब मोघम

हवामानाच्या अंदाजाविषयी अलीकडे जे लोकप्रिय लेखन होत असते, त्यात एक विधान इतक्या निःशंकपणे आणि इतक्या वारंवार केले जाते की त्याला पुरावा मागणेही काहीसे अनुदारपणाचे वाटू लागावे. ते विधान असे की, संगणकीय मॉडेलचे जाळे जसजसे बारीक होत जाईल तसतसा अंदाज आपोआप खरा होत जाईल. बारा किलोमीटरांचे जाळे सहांवर आले, उद्या ते एकावर येईल, आणि मग गावोगावच्या पावसाचे भाकीत हा केवळ यंत्रसामग्रीच्या तरतुदीचा प्रश्न उरेल. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानविज्ञान संस्थेत सिद्ध झालेली सहा किलोमीटर जाळ्याची ‘भारत फोरकास्ट सिस्टिम’ २६ मे २०२५ रोजी राष्ट्राच्या सेवेत रुजू झाली, तेव्हा तिचे जे स्वागत झाले त्यातही बव्हंशी हाच सूर होता, आणि पंचायतीपर्यंत अंदाज पोहोचणार हे वाक्य तर जणू सहा या आकड्यातूनच निघते आहे, अशा थाटात छापले गेले.

संस्थेचे काम स्तुत्य आहे; त्याविषयी येथे तक्रार नाही. जाळ्याचे अंतर निम्मे करायचे म्हणजे दोन्ही दिशांनी बिंदू दुप्पट आणि काळाची पावलेही दुप्पट, अर्थात गणिताचा बोजा आठपट. तो उचलण्यासाठी पुण्यात ‘अर्क’ आणि नोएडात ‘अरुणिका’ हे महासंगणक सप्टेंबर २०२४ मध्ये उभे राहिले, ही सामान्य गोष्ट नव्हे. हरकत आहे ती या पावलावरून काढल्या जाणाऱ्या निष्कर्षाला, आणि त्याहूनही अधिक, त्या निष्कर्षाच्या पाठीशी उभ्या असलेल्या एका जाणकार मताला. हे मत धंद्यातीलच काही मंडळी खासगीत आणि क्वचित सभेतही बोलून दाखवतात: अंदाजाचा आरंभ ज्या पूर्वअंदाजापासून होतो त्यात कोठे, किती आणि कशा प्रकारची चूक आहे याचा अदमास घेणे ही दुय्यम, कारकुनी स्वरूपाची बाब होय, दीर्घकाळच्या सरासरीचे एक कोष्टक करून ठेवले म्हणजे काम भागते, आणि रडारांची संख्या वाढली की त्या कोष्टकाचेही फारसे कारण उरणार नाही. माझे म्हणणे नेमके याच्या उलट आहे. जाळे जितके बारीक तितका हा अदमास अधिक निर्णायक ठरतो, आणि तो ढिला राहिला तर बारीक जाळे पूर्वीचीच चूक अधिक तपशिलाने रंगवते.

वाचकाला या व्यवहाराची माहिती असेलच असे नाही, म्हणून थोडा खुलासा करतो. कोणत्याही मॉडेलला भविष्याकडे निघण्यापूर्वी या क्षणीच्या वातावरणाचे संपूर्ण चित्र हवे असते, आणि असे चित्र जगातील कोणत्याही वेधशाळेच्या दप्तरात नसते. फुगे दिवसातून बहुधा दोनदा सुटतात, तेही शेकडो किलोमीटरांच्या अंतराने. उपग्रह हवेचे तापमान मोजत नाही, तिच्यातून निघणारे प्रारण मोजतो. आणि समुद्राच्या मोठ्या भागावर तर दाब नोंदवणारे कोणी नसतेच. म्हणून शिरस्ता असा पडला आहे की, काही तासांपूर्वी चालवलेल्या मॉडेलने ‘आत्ता’साठी जो अंदाज दिला असेल तोच मसुदा म्हणून पुढ्यात घ्यावा आणि नव्या निरीक्षणांच्या आधारे त्यात फेरफार करावेत. जागतिक मॉडेलांत हा मसुदा बहुधा सहा तासांपूर्वीचा असतो, गडगडाटी ढग टिपू पाहणाऱ्या बारीक मॉडेलांत एका किंवा तीन तासांपूर्वीचा. धंद्यात त्याला ‘बॅकग्राउंड’ म्हणतात. येथे मी त्याला पूर्वअंदाज म्हणेन.

आता मसुदा आणि निरीक्षण यांचे जुळले नाही तर कोणाचे किती ऐकायचे? समजा, सांताक्रूझला पूर्वअंदाज २८ अंश सांगतो आणि तापमापक ३० अंश दाखवतो. तापमापकाच्या नोंदीत, ती नोंद सभोवारच्या परिसराचे कितपत प्रतिनिधित्व करते हे धरून, एका अंशाची चूक संभवते असे माना. पूर्वअंदाजातही एकाच अंशाची चूक संभवत असेल तर मॉडेलने २९ पासून निघावे. दोन अंशांची संभवत असेल तर २९.६ पासून, आणि अर्ध्याच अंशाची संभवत असेल तर २८.४ पासून. निरीक्षण तेच, मॉडेल तेच, महासंगणकही तोच; बदलले ते फक्त स्वतःच्या चुकीविषयीचे मॉडेलचे मत, आणि तेवढ्यावर आरंभबिंदू एका अंशाहून अधिक सरकला. ज्या आकड्याच्या हाती हा अधिकार आहे त्याला दुय्यम म्हणणे धाडसाचे आहे.

पण हा एका बिंदूचा मामला झाला. खरी गोम पुढेच आहे. सांताक्रूझची दुरुस्ती सांताक्रूझपुरती राहत नाही. पूर्वअंदाज जिथे चुकला त्याच्या आसपासही तो तसाच चुकला असणार, या गृहीतावर ती दुरुस्ती शेजारच्या बिंदूंवर पसरवावी लागते, आणि ती किती दूरवर पसरावी हे पूर्वअंदाजाच्या त्रुटींमधील परस्परसंबंध ठरवतो. जागतिक मॉडेलांत हा संबंध शेकडो किलोमीटरांपर्यंत टिकतो. येथे २००५ च्या २६ जुलैची नोंद डोळ्यांसमोर आणावी. दुसऱ्या दिवशी सकाळी साडेआठला संपलेल्या चोवीस तासांत सांताक्रूझच्या वेधशाळेने ९४४ मिलिमीटर पाऊस मोजला, आणि तेथून सुमारे पंचवीस किलोमीटरांवरच्या कुलाब्याने अवघा ७३ च्या आसपास. त्या दुपारी सांताक्रूझवरील खालच्या थरांतील आर्द्रतेचे एखादे उत्तम निरीक्षण एका किलोमीटरच्या जाळ्याच्या मॉडेलला मिळाले असते, तर काय घडले असते याचा हिशेब कागदावर करता येतो. दोन्ही ठिकाणी चुकीचे मान सारखे धरले आणि परस्परसंबंध अंतराबरोबर घंटाकृती वक्राने उतरतो असे मानले, तर त्या वक्राची लांबी दोनशे किलोमीटर ठेवल्यास सांताक्रूझच्या दुरुस्तीचा ९९ टक्के भाग जसाच्या तसा कुलाब्यावर जाऊन पडतो. वीस किलोमीटर ठेवल्यास ४६ टक्के. दहा ठेवल्यास जेमतेम चार टक्के. मुंबईच्या दोन टोकांतील भेद ओळखण्याची जी शक्ती बारीक जाळ्याने एवढा खर्च करून मिळवली, ती पहिल्या प्रकारात आरंभाच्या क्षणीच गहाण पडली. पुढे अनेक संशोधकांनी त्या दिवसाची बारीक जाळ्यावर पुनर्गणना केली. अतिवृष्टी पुष्कळांच्या हाती लागली, मात्र तिचे स्थान आणि तिचे मान ज्याच्या त्याच्या आरंभस्थितीनुसार आणि मेघप्रक्रियांच्या मांडणीनुसार सरकत राहिले.

मग हे परस्परसंबंध एकदाच नीट मोजून का ठेवत नाहीत, असे कोणी विचारील. दोन कारणे आहेत. पहिले केवळ आकाराचे. हजार बाय हजार बिंदूंचे क्षेत्र, साठ थर आणि प्रत्येक ठिकाणी वारा, तापमान, आर्द्रता वगैरे सहा राशी घेतल्या तर अज्ञातांची संख्या छत्तीस कोटी होते. प्रत्येकाच्या चुकीचा प्रत्येकाशी संबंध मांडणाऱ्या कोष्टकात सव्वा परार्धाहून अधिक घरे होतात (लीलावतीतील संख्यास्थानांची मालिका परार्धावरच थांबते, हे जाता जाता), आणि ती साठवायला दहा लाख टेराबाईटांची कोठी लागते. असे कोष्टक आजवर कोणी लिहून ठेवलेले नाही. जे वापरात आहे ते सर्वत्र गृहीतकांनी आक्रसलेले रूप आहे. दुसरे कारण अधिक मूलगामी: चूक म्हणजे पूर्वअंदाज आणि सत्य यांतील अंतर, आणि सत्य कोणाच्याच हाती नाही. म्हणून सत्याच्या जागी कोणी तरी प्रतिनिधी उभा करावा लागतो. सगळा वाद त्या प्रतिनिधीच्या लायकीचा आहे.

ज्या सरासरीच्या कोष्टकाची प्रतिपक्ष ग्वाही देतो, त्याची कुळकथा या दृष्टीने पाहण्यासारखी आहे. अमेरिकेच्या तत्कालीन नॅशनल मीटिअरॉलॉजिकल सेंटरमध्ये डेव्हिड पॅरिश आणि जॉन डर्बर यांनी १९९२ मध्ये एक युक्ती प्रसिद्ध केली. एकाच क्षणासाठी केलेले दोन अंदाज घ्यायचे, एक अठ्ठेचाळीस तास आधीचा आणि एक चोवीस तास आधीचा. त्यांतील फरक हाच चुकीचा प्रतिनिधी मानायचा. आणि असे फरक आठवडेच्या आठवडे गोळा करून त्यांची सरासरी काढायची. दोन्ही अंदाज दप्तरी पडलेलेच असल्याने नवे गणित करावे लागत नाही. त्या काळच्या साधनांत ही अत्यंत चतुर तजवीज होती, जगभरातील केंद्रांनी ती उचलली, आणि एन.एम.सी. पद्धती हे नाव तिला कायमचे चिकटले. तिच्या कर्त्यांनाही तिच्या मर्यादा ठाऊक होत्या. विसर पडला तो नंतरच्यांना.

पहिली मर्यादा काळाची. चोवीस तासांच्या अंतराने वाढलेला फरक एका तासाच्या पूर्वअंदाजातील चुकीची जागा घेतो, आणि आकार अवाजवी वाटला की एका हाताने ठरवलेल्या गुणकाने त्याला कापून लहान करण्यात येते; परंतु कापल्याने मान घटते, आकृती तीच राहते. चोवीस तासांत चूक विस्तीर्ण प्रदेशावर पसरून गुळगुळीत झालेली असते. एका तासाची चूक एखाद्या ढगाएवढी, धारदार आणि एकाकी असते. दुसरी मर्यादा प्रादेशिक मॉडेलांची. त्यांच्या सीमांवरची माहिती बाहेरच्या मोठ्या मॉडेलकडून येते, त्यामुळे दोन अंदाजांतील फरकात आपल्या ढगांची चूक किती आणि सीमेवरून आत आलेली परकी चूक किती, याची फोड नीट होत नाही.

तिसरी मर्यादा मला सर्वांत गंभीर वाटते, आणि आपल्या किनाऱ्याशी तिचा थेट संबंध आहे. ज्या प्रदेशात निरीक्षणे विपुल आहेत तेथे दर खेपेला नव्या नोंदी अंदाजाला धक्का देतात, म्हणून चोवीस आणि अठ्ठेचाळीस तासांच्या अंदाजांत फरक पडतो. ज्या प्रदेशात निरीक्षणेच विरळ आहेत तेथे धक्का देणारे कोणी नसते. दोन्ही अंदाज एकाच अज्ञानातून निघतात आणि एकमेकांशी सलोख्याने राहतात. फरक लहान, सबब चूक लहान, असा निवाडा ही पद्धत देते. दोन कारकुनांनी एकाच जुन्या वहीवरून नकला उतरवाव्यात आणि दोन्ही नकला जुळल्या म्हणून मूळ नोंद बिनचूक ठरवावी, तसा हा न्याय. कोकणावर कोसळणारा पाऊस ज्या बाष्पावर पोसला जातो ते नैर्ऋत्येकडून अरबी समुद्रावरून येते, आणि त्याच समुद्रावर खालच्या थरांच्या उभ्या छेदाची प्रत्यक्ष मोजणी अत्यल्प आहे. म्हणजे जेथे मॉडेलने स्वतःवर सर्वांत कमी भरवसा ठेवायला हवा तेथेच हे कोष्टक त्याला भरवसा ठेवायला सांगते, आणि एखाद्या जहाजाची किंवा उपग्रहाची नोंद विरुद्ध साक्ष देऊ लागली तर तिचे वजन घटवते.

चौथी मर्यादा सरासरीचीच आहे. निरभ्र दिवस, झड लागलेले दिवस, तुरळक सरींचे दिवस, सगळे एका कोष्टकात दळून निघाल्यावर जे पीठ पडते ते कोणत्याच दिवसाचे नसते. फ्रान्सच्या हवामानसेवेने अडीच किलोमीटर जाळ्याचे ‘आरोम’ मॉडेल २००८ च्या अखेरीस नित्य वापरात आणले, आणि दोनच वर्षांत तिबो मोंमेर्ल व लोइक बेर यांनी पाऊस पडत असलेल्या आणि नसलेल्या क्षेत्रांची त्रुटी-कोष्टके वेगवेगळी करून दाखवली. पावसाळी क्षेत्रात वाऱ्याच्या अभिसरण-अपसरणाची चूक बलवत्तर होते, तिची लांबी आखूड होते, आणि आर्द्रतेशी तिचा जो घट्ट संबंध जुळतो तो कोरड्या क्षेत्रात जवळजवळ नसतोच. एकाच नकाशावर, एकाच तासाला, दोन भिन्न नियम. ज्यांना सरासरी पुरेशी वाटते त्यांनी या दोहोंपैकी कोणता नियम सोडून द्यायचा ते सांगावे.

‘पण ही सरासरी इतकी वर्षे चालली ना?’ हा प्रश्न रास्त आहे आणि त्याचे उत्तर टाळता येणार नाही. चालली, कारण ज्या प्रमाणावर ती चालवली त्या प्रमाणावर निसर्गच एक शिस्त पाळतो. मध्य अक्षवृत्तांतील हजारो किलोमीटरांच्या वायुप्रणालींत दाबाचा उतार आणि पृथ्वीच्या परिवलनापासून उद्भवणारे कोरिऑलिस बल यांचा बराचसा समतोल असतो. दाब कळला की वाऱ्याचा अंदाज बांधता येतो, आणि त्रुटींनाही तीच शिस्त लागू पडते. हा समतोल आरंभस्थितीत बिघडला तर काय होते याचा इतिहासप्रसिद्ध दाखला लुइस फ्राय रिचर्डसन यांचा आहे: २० मे १९१० च्या नोंदींवरून त्यांनी हाताने केलेले आणि १९२२ च्या ग्रंथात प्रामाणिकपणे छापलेले गणित सहा तासांत दाब १४५ मिलिबारांनी वाढेल असे सांगून बसले, आणि पुढे पीटर लिंच यांनी दाखवून दिले की समीकरणांत दोष नव्हता, आरंभीची स्थिती समतोल करून घेतली की त्याच पद्धतीने समंजस उत्तर येते. जागतिक मॉडेलांची कोष्टके ही शिस्त पोटात घेऊनच रचलेली असतात. मात्र दहा किलोमीटरांच्या ढगाला ती शिस्त मान्य नाही. शिवाय मुंबईच्या अक्षवृत्तावर कोरिऑलिस बलाचा गुणांक पंचेचाळीस अंशांवरील गुणांकाच्या निम्म्याहूनही कमी असतो. म्हणजे युरोप-अमेरिकेत मोठ्या प्रमाणावर ज्या गृहीतकाने मदत केली ते सह्याद्रीच्या पायथ्याशी लहान प्रमाणावर दोन्ही कारणांनी लंगडे पडते.

काळाचीही गोष्ट तशीच. काथी होहेनेग्गर आणि ख्रिस्तोफ शेर यांनी २००७ मध्ये ढग प्रत्यक्ष रेखाटणाऱ्या बारीक मॉडेलची आणि जागतिक मॉडेलची तुलना केली, तेव्हा बारीक मॉडेलात चूक सुमारे दहापट वेगाने वाढताना आढळली. लहान चुकांची वाढ सरळ प्रमाणात होते हे गृहीतक जागतिक मॉडेलात चोपन्न तास टिकले, बारीक मॉडेलात दीड तास. एडवर्ड लॉरेन्झ यांनी १९६९ मध्येच हा धोका सैद्धांतिक पातळीवर मांडला होता: लहान प्रमाणावरील चूक लवकर दुप्पट होते आणि वरच्या प्रमाणांत चढत जाते. जाळे बारीक करणे म्हणजे या जलद वाढणाऱ्या चुकांना मॉडेलमध्ये प्रवेश देणे होय. प्रवेश अवश्य द्यावा, पण मग त्यांची नोंद ठेवणारी वहीही त्याच गतीची हवी.

आता रडारचा मुद्दा. तो सर्वांत आकर्षक असल्याने त्याचा समाचार सावकाश घ्यायला हवा. २००५ मध्ये मुंबईला डॉप्लर रडार नव्हते. आज कुलाब्याला आहे, आणि २०२२ च्या जानेवारीपासून वेरावलीलाही आहे. प्रतिपक्ष म्हणतो की दर काही मिनिटांनी लक्षावधी नोंदी मिळू लागल्यावर मसुद्याचे महत्त्व उरले कोठे? याला उत्तर असे की, रडार लक्षावधी वेळा बोलते, पण दोनच गोष्टी बोलते: जलकणांवरून परतलेल्या लहरींची तीव्रता, आणि ते कण रडारच्या दिशेने किंवा तिच्या विरुद्ध किती वेगाने सरकत आहेत ते. तापमान ते सांगत नाही, ढगाखालच्या हवेतील बाष्प सांगत नाही, वाऱ्याचा आडवा घटक सांगत नाही, आणि जेथे पाऊस नाही तेथे बहुतांशी गप्प असते. भांडुपवर दिसलेल्या तीव्र प्रतिध्वनीवरून तेथील हवा किती ओलसर आणि किती उबदार करायची, वर जाणाऱ्या प्रवाहाला किती बळ द्यायचे, हे कोण ठरवणार? एका राशीच्या चुकीचा दुसरीच्या चुकीशी असलेला संबंध, अर्थात तेच कोष्टक. ते चुकीचे असेल तर रडारने दाखवलेला ढग मॉडेलमध्ये रंगवला जातो खरा, पण त्याला पोसणारी हवा त्याच्याखाली नसल्यामुळे तासाभरात विरून जातो. निरीक्षणे वाढली म्हणून कोष्टकाचे काम कमी झाले नाही. उलट, एका राशीच्या ढीगभर नोंदींतून उरलेल्या राशींचा उलगडा करण्याची जोखीम त्याच्यावर नव्याने आली.

येथे चाणाक्ष प्रतिपक्षी बाजू बदलतो आणि म्हणतो: सरासरीचे कोष्टक सोडा, आम्ही एन्सेम्बल चालवू, मॉडेलच्या चाळीस प्रती किंचित वेगळ्या आरंभांपासून सोडू, आणि त्या आपसांत जेवढ्या फाकतील तीच आजची, या तासाची, या ढगाची चूक. ही दिशा बरोबर आहे, यात मला संशय नाही. गेअर एवेन्सेन यांनी १९९४ मध्ये तिचा पाया घातला. जर्मन हवामानसेवेने २०१७ पासून आपल्या २.८ किलोमीटरांच्या मॉडेलसाठी चाळीस प्रतींची अशी पद्धत नित्याची केली. मात्र एन्सेम्बल विकत घेतला की प्रश्न मिटला, असे सांगणारा जुनीच मखलाशी नव्या शब्दांत करतो. चाळीस प्रतींवरून काढलेल्या परस्परसंबंधात केवळ नमुना अपुरा असल्यामुळे ०.१६ च्या आसपासचा खोटा संबंध सहज उमटतो. जेथे खरा संबंध शून्य आहे तेथे हा गोंगाट मुंबईच्या नोंदीवरून नागपूरचे तापमान हलवू लागतो. म्हणून ठरावीक अंतरापलीकडचे संबंध कापून टाकतात, आणि हे अंतर किती हे पुन्हा माणूसच ठरवतो. जर्मनीवरच्या तीन किलोमीटरांच्या जाळ्यावर हजार प्रती चालवून टोबियास नेकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०२० मध्ये जो प्रयोग प्रसिद्ध केला त्याचे मोल येथे आहे: लहान समूह कोठे फसतो हे त्यांना मोठ्या समूहाशी ताडून पाहता आले. नित्याच्या वापरात हजार प्रती परवडणाऱ्या नाहीत, आणि महासंगणकाची शक्ती जाळ्यावर खर्च करायची की प्रतींवर, हा झगडा प्रत्येक केंद्रात चालूच असतो. गुपित असे नाही, पण प्रसिद्धिपत्रकात जाळेच जिंकते.

त्यातही एक पेच असा आहे की प्रतींची संख्या वाढवूनही तो सुटेलच असे नाही. चाळीसही प्रतींना भांडुपवर पाऊस पडेल असे वाटले नाही, तर तेथे त्यांच्यात फरकच नाही. फरक शून्य, म्हणून मॉडेलच्या लेखी चूक शून्य. आणि मग रडार कितीही ओरडून सांगो, गणित त्याचे ऐकत नाही. जर्मन पद्धतीत एन्सेम्बलच्या जोडीला, रडारवरील पावसानुसार मॉडेलमध्ये सुप्त उष्णता थेट टोचण्याची जुनी रीत चालूच ठेवावी लागली, यात नवल नाही. शिवाय सगळ्या प्रती एकाच मॉडेलच्या असल्याने, मॉडेलची जी चूक सर्वांना सामाईक आहे ती त्यांच्या फाकण्यात दिसतच नाही. म्हणून फाकणे कृत्रिमरीत्या फुगवावे लागते, आणि किती फुगवायचे याचा पुन्हा अदमास. ‘आम्ही आता वस्तुनिष्ठ झालो’ हा अभिमान येथे थोडा आवरावा.

उरला तत्त्वज्ञांचा आक्षेप: सत्यच अज्ञात असताना त्याच्यापासूनच्या अंतराची चर्चा करणे म्हणजे आकाशपुष्पांचा हार गुंफणे नव्हे काय? नव्हे. सत्य अज्ञात असले तरी निरीक्षण आणि पूर्वअंदाज यांतील तफावत ज्ञात आहे, आणि दोहोंच्या चुका एकमेकींपासून स्वतंत्र असतील तर तफावतीचे वर्गमध्य हे दोहोंच्या वर्गमध्यांच्या बेरजेएवढे असलेच पाहिजे. अँथनी हॉलिंग्सवर्थ आणि पीटर ल्योनबर्ग यांनी १९८६ मध्ये उत्तर अमेरिकेतील फुग्यांच्या दाट जाळ्यावर ही तफावत अंतरानुसार मांडून पूर्वअंदाजाचा वाटा आणि निरीक्षणाचा वाटा वेगळे काढले. २००५ मध्ये जेराल्ड देरोझिए आणि सहकाऱ्यांनी अशीच रुजवात चालू यंत्रणेतून सतत घेता येईल अशी रीत दिली. आपल्याकडे मुंबई आणि पणजी ही फुगे सोडणारी किनाऱ्यावरची ठाणी सुमारे चारशे किलोमीटर दूर आहेत. त्यांच्यावरून दहा किलोमीटरांची रचना निघणार नाही हे उघड आहे. म्हणून दाट स्वयंचलित केंद्रे आणि रडार यांच्याकडेच वळावे लागेल, आणि रडारच्या शेजारशेजारच्या नोंदींच्या चुका परस्परांशी निगडित असतात ही अडचणही सोडवावी लागेल. कठीण आहे, पण आकाशपुष्प नव्हे.

कृत्रिम बुद्धिमत्तेच्या मॉडेलांनी हा सगळा प्रपंचच कालबाह्य केला, असे म्हणणाऱ्यांसाठी दोन वाक्ये पुरेत. ग्राफकास्ट किंवा पांगू-वेदर ज्या ‘इरा-५’ या संचावर शिकली, तो संचच निरीक्षणे आणि पूर्वअंदाज यांच्या या तोलमापातून, दहा प्रतींच्या एन्सेम्बलचे साह्य घेऊन, निर्माण झाला आहे. आणि उद्याचे भाकीत सांगायला त्यांनाही आजची तयार आरंभस्थितीच हाती द्यावी लागते.

तेव्हा प्रतिपक्षाकडे एकच मागणी आहे, आणि ती गैरवाजवी ठरू नये. पुढच्या वेळी जाळ्याचा आकडा जाहीर करताना त्याच्या शेजारी दुसरे एक सदर द्यावे: जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत कुलाबा आणि वेरावलीच्या रडारनोंदी व पूर्वअंदाज यांत प्रत्यक्ष किती तफावत पडली, आणि यंत्रणेने गृहीत धरलेल्या दोन चुकांच्या बेरजेनुसार ती किती पडायला हवी होती, पावसाचे तास वेगळे, कोरडे तास वेगळे, किनारा वेगळा, घाटमाथा वेगळा. हे आकडे निरीक्षणे सामावून घेणाऱ्या प्रत्येक चक्रात यंत्रणेच्या पोटात तयार होतच असतात; ते बाहेर काढायला नवा महासंगणक लागत नाही. दोन्ही सदरे जुळली तर हा लेख मी मागे घेईन. पावसाच्या तासांत पहिले सदर दुसऱ्याच्या कितीतरी पट निघाले, तर सहा किलोमीटरांचे तीन करण्यापूर्वी त्या फरकाची कैफियत आधी द्यावी लागेल.